गुडघ्यातली सुई आणि सुनेचे गंठण



वर्षावासाच्या तीन महिन्यांत आमच्या विहारात दर रविवारी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते. पहिल्या रांगेत बसून मन लावून ऐकणाऱ्या एक मावशी सलग चार रविवार दिसल्या नाहीत. सुनेला विचारले तर म्हणाली, "येतील कशा ताई? खाली बसल्या की उठता येत नाही. मागच्या वेळी दोघींनी धरून उठवलं, सगळे बघत होते. तेव्हापासून नकोच म्हणतात."

दुसऱ्याच दिवशी मावशी मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. महापालिकेच्या सफाई खात्यात एकतीस वर्षे झाडू हातात. निवृत्तीला आठ महिने उरलेले. दहा वर्षांपासून मधुमेह. सुट्ट्या संपलेल्या, त्यामुळे यापुढचा प्रत्येक खाडा बिनपगारी. मुलाच्या काखेत एक्स-रेचा लिफाफा आणि एका खासगी दवाखान्याचा कागद. कागदावर लिहिले होते, दोन्ही गुडघ्यांत वंगणाची तीन-तीन इंजेक्शने, आणि त्याने भागले नाही तर रक्तातून काढलेले इंजेक्शन. शेवटी जो आकडा होता तो मुलाच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढा. तो म्हणाला, "बायकोचं गंठण ठेवतोय. सोनाराकडे जायच्या आधी म्हटलं तुम्हाला विचारावं."

मावशींचे म्हणणे सोपे होते. "डॉक्टरताई, सुई द्या नायतर काय बी द्या, मला आठ महिने काढायचे हायेत."

हा प्रश्न एकट्या मावशींचा नाही. या पानाला येणाऱ्या पत्रांत गुडघ्याची तक्रार नाही असा महिना जात नाही. म्हणून त्या दिवशी मी त्या मायलेकांना जे सांगितले तेच आज इथे लिहिते, थोडे अधिक सविस्तर.

आधी गुडघ्यात होते काय ते पाहू. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे भेटतात तिथे दोन्ही हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, लवचीक कूर्चेचा थर असतो. मटणाच्या हाडाच्या टोकाला पांढरे चकचकीत आवरण दिसते ना, तेच. वय, वजन, जुनी दुखापत, वर्षानुवर्षांचे ओझे आणि उकिडवे बसणे यांनी हा थर विरळ होत जातो. हाडाच्या कडांना टोके फुटतात, सांध्याच्या आतले अस्तर अधूनमधून सुजते, पाणी धरते. लोक म्हणतात "वाटी झिजली", डॉक्टर एक्स-रे दाखवून म्हणतात "गॅप राहिला नाही". पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. एक्स-रे आणि दुखणे यांचा हिशेब नेहमी जुळत नाही. गॅप पार बुजलेली बाई चार मजले चढते आणि एक्स-रे बरा असलेली दुसरी रात्रभर कण्हते. नुसत्या फोटोवरून कोणी घाबरवले तर घाबरू नका.

हा श्रीमंतांचा किंवा शहरी लोकांचा आजार नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात 1996 साली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली. तिथे मोठ्या माणसांत शंभरात जवळजवळ सहाजणांना सांध्यांची झीज आढळली. तेही अशा गावात, जिथे माणसे दिवसभर राबतात. डोक्यावर हंडे आणि विटा वाहणाऱ्या, वाकून झाडणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या बायांचे गुडघे आधी बोलू लागतात यात नवल ते काय!

आता इंजेक्शने. गुडघ्याच्या सांध्यात देण्याची मुख्यत्वे तीन प्रकारची आहेत आणि लोक तिन्हींना "गुडघ्यातली सुई" एवढेच म्हणतात. तिथेच सगळा घोटाळा होतो.

पहिले स्टेरॉइडचे. हे सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे डॉक्टर हॉलंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांध्यात हायड्रोकॉर्टिझोन देण्याचा अनुभव 1951 साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून ते जगभर दिले जाते. आज बहुधा ट्रायॅम्सिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन वापरतात. औषध आतल्या सुजलेल्या अस्तरावर काम करते, सूज ओसरते, दुखणे उतरते. हे खरे आहे, भ्रम नाही. पण किती दिवस? इंग्लंडच्या सरकारी वैद्यकीय मार्गदर्शक संस्थेने 2022 साली डॉक्टरांना सांगितले, रुग्णाला स्पष्ट बोला की आराम दोन ते दहा आठवडे टिकेल. सहा महिन्यांनी पाहिले तर सुई घेतलेल्या आणि न घेतलेल्या माणसांत फरक उरत नाही.

मग दर तीन महिन्यांनी घेत राहिले तर? हाच प्रश्न अमेरिकेतल्या संशोधकांनी विचारला आणि 2017 साली उत्तर छापले. गुडघ्याची झीज आणि सूज असलेल्या 140 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला दर बारा आठवड्यांनी स्टेरॉइड, दुसऱ्याला नुसते मिठाचे पाणी, सलग दोन वर्षे. कोणाला काय मिळाले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. दोन वर्षांनी दुखण्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. मात्र स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा अधिक विरळ झालेली होती. फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, म्हणून घाबरून जाण्याजोगा नाही. पण ज्या थराला वाचवायचे तोच थर वारंवारच्या सुईने थोडा अधिक झिजत असेल, तर सवय लावून घेण्यात शहाणपण नाही.

दुसरे वंगणाचे, म्हणजे हायलुरोनिक अॅसिडचे. गुडघ्याच्या नैसर्गिक पाण्यात हा चिकट पदार्थ असतोच. औषधासाठी तो कोंबड्याच्या तुऱ्यापासून किंवा जिवाणूंपासून तयार करतात. 1997 पासून अमेरिकेत त्याला परवानगी आहे आणि आपल्याकडे "जेल" या नावाने तो खपतो. कल्पना ऐकायला किती पटते! सायकलची साखळी कोरडी पडली, तेल घातले, चाक फिरू लागले. पण गुडघा म्हणजे सायकल नव्हे. बाहेरून घातलेले जेल काही दिवसांत शरीर शोषून घेते आणि झिजलेला थर होता तिथेच राहतो. 2022 साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात या इंजेक्शनांवरच्या 169 चाचण्यांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला, एकवीस हजारांहून अधिक रुग्णांचा. मोठ्या आणि नीट केलेल्या चाचण्यांत जेल आणि खोटे इंजेक्शन यांच्यातला फरक किती निघाला? दुखणे शून्य ते शंभर अशा पट्टीवर मोजले, तर सुमारे दोन. सत्तर दुखत होते ते अडुसष्ट झाले, तर एखाद्या आजीला ते कळेल का? आणि गंभीर त्रास होण्याचे प्रमाण जेल घेणाऱ्यांत थोडे जास्तच होते. इंग्लंडच्या त्याच मार्गदर्शक संस्थेने डॉक्टरांना हे इंजेक्शन देऊच नका असे सांगितले आहे. आपल्याकडचे काही चांगले डॉक्टर अजूनही ते देतात, काही रुग्ण बरे वाटले म्हणतात, ते खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. पण त्यासाठी कर्ज काढा असे कोणी सांगितले तर मी नाही म्हणेन.

तिसरे, तुमच्याच रक्ताचे. हातातून रक्त घेतात, यंत्रात फिरवतात, त्यातला प्लेटलेट्सचा भाग वेगळा करून गुडघ्यात टोचतात. याला पीआरपी म्हणतात. "स्वतःचेच रक्त, काही अपाय नाही, झिजलेली कूर्चा पुन्हा तयार होते" अशी जाहिरात मोबाईलवर फिरते. ऑस्ट्रेलियात 288 रुग्णांवर याची परीक्षा झाली आणि 2021 साली निकाल आला. अर्ध्यांना पीआरपी, अर्ध्यांना मिठाचे पाणी, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शने. वर्षभराने दुखणे मोजले. दहाच्या पट्टीवर पीआरपीवाल्यांचे सुमारे दोनने उतरले होते. आणि मिठाच्या पाण्याचे? तेही जवळजवळ दोनने. कूर्चेच्या झिजेतही फरक नव्हता.

इथे जरा थांबूया, कारण मला या सगळ्यात मिठाचे पाणीच फार शिकवून जाते. मिठाच्या पाण्यानेही माणसांना बरे वाटले. का? एक तर गुडघ्याचे दुखणे चढ-उतार करते. माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणे शिगेला पोचल्यावर, आणि तिथून ते काही केले नाही तरी थोडे उतरतेच. शिवाय कोणी आपली विचारपूस केली, हात लावून तपासले, सुई टोचली, याचाही मनावर आणि मनातून शरीरावर परिणाम होतो. ताईत बांधल्यावर, अंगारा लावल्यावर "गुण आला" असे आपले आजे-पणजे म्हणत, तेही याच वाटेने. ताईत आपण सोडले. पण पांढऱ्या कोटातल्या माणसाने तेच केले तर आपण प्रश्न विचारत नाही. रोज वंदनेत धम्माचा एक गुण म्हणून 'एहिपस्सिको' म्हणतो, या आणि पाहा. "शेजारणीला गुण आला" हे पाहणे नव्हे. दोन गट करून, कोणाला काय दिले ते झाकून, वर्षभर मोजणे, हे पाहणे.

चौथा प्रकार खरे तर गुडघ्यातला नाहीच, पण आपल्या वस्त्यांत सर्वांत जास्त तोच चालतो. गल्लीतला डॉक्टर, कधी पदवीचा तर कधी नुसत्या पाटीचा, कमरेत एक सुई देतो आणि सोबत चार गोळ्यांची पुडी. दुसऱ्या दिवशी माणूस पळू लागतो. त्या सुईत बहुधा स्टेरॉइडच असते, फक्त ते सांध्यात न राहता साऱ्या अंगभर फिरते. दर आठवड्याला असे चालले की तोंड सुजते, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, आणि एक दिवस अचानक बंद केले तर माणूस कोसळतो. गावच्या जत्रेत किंवा एसटी स्टँडसमोर मिळणाऱ्या "शंभर टक्के आयुर्वेदिक" चूर्णांतही स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. ज्या पुडीने एका रात्रीत गुडघा बरा होतो, तिच्यावर औषधाचे नाव लिहिलेले नसेल तर ती तोंडात घालू नका.

हे सारे ऐकून मुलगा म्हणाला, "म्हणजे आईने सोसायचंच का?" आणि मावशीच पुढे बोलल्या, "आरं, बाबासाहेबांचं पाय किती दुखायचं, तरी त्यांनी घटना लिवली. आपलं काय मोठं?"

मावशींचे म्हणणे अर्धे खरे होते. मसुद्याचे काम चालू असताना, 1947-48 च्या सुमारास, बाबासाहेबांना मधुमेह होता आणि पायांच्या वेदनांनी रात्ररात्र झोप लागत नसे. पण त्यांनी नुसते सोसले नाही. मुंबईला येऊन डॉ. मालवणकरांकडे उपचार घेतले. डॉ. शारदा कबीर तिथेच काम करीत, आणि 15 एप्रिल 1948 रोजी त्यांच्याशी बाबासाहेबांचा विवाह झाला. त्याच आपल्या माईसाहेब. दुखणे अंगावर काढणे हे बाबासाहेबांचे अनुकरण नव्हे हे मी मावशींना सांगितले. आणखी एक सांगितले, ते वाचकांनीही लक्षात घ्यावे. बाबासाहेबांचे दुखणे नसांचे होते, गुडघ्याच्या झिजेचे नव्हे. मधुमेहाच्या माणसाला तळपायाला आग होणे, मुंग्या येणे, रात्री जास्त दुखणे असे असेल तर ते नसांचे असू शकते. कमरेतून निघून पोटरीपर्यंत जाणारी कळ मणक्याची असू शकते. त्या दुखण्यावर गुडघ्यात कितीही सुया टोचल्या तरी उपयोग नाही. म्हणून डॉक्टरने गुडघा हाताने तपासला, वाकवून पाहिला, की नुसता एक्स-रे पाहून कागद लिहिला, एवढे तरी बघा.

मावशींचा उजवा गुडघा तपासला तेव्हा तो सुजलेला होता, आत पाणी होते. डावा दुखरा, पण कोरडा. मी त्यांना पालिकेच्या रुग्णालयातील हाडांच्या विभागात पाठवले. तिथल्या डॉक्टरांनी उजव्या गुडघ्यातले पाणी काढून त्यातच एक स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. खर्च मुलाच्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी आला. गंठण सुनेच्या गळ्यात राहिले.

पण गोष्ट इथे संपली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींची उपाशीपोटीची साखर 290 भरली. मी आधी सांगून ठेवले होते म्हणून घरात गोंधळ उडाला नाही. स्टेरॉइड सांध्यात दिले तरी थोडे रक्तात जाते आणि मधुमेहींची साखर काही दिवस, कधी आठवडाभर चढी राहते. ज्यांची साखर आधीच हाताबाहेर आहे त्यांनी ती ताब्यात आणल्याशिवाय हे इंजेक्शन घेऊ नये, आणि घेतल्यावर आठवडाभर रोज तपासावी. पहिले दोन दिवस गुडघा उलट जास्त दुखू शकतो, बर्फ लावावा, फार चालू नये. पण दोन-तीन दिवसांनंतर दुखणे वाढतच गेले, गुडघा लाल आणि गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सांध्यात जंतू शिरल्याचे ते लक्षण असू शकते. असे हजारोंत एखाद्यालाच होते, पण झाले तर गुडघा जाऊ शकतो. म्हणूनच अंगात ताप असताना, गुडघ्यावर फोड असताना किंवा पायाला चिघळलेली जखम असताना सुई घेऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरला आधी सांगावे. एका गुडघ्यात दोन इंजेक्शनांमध्ये निदान तीन महिने जाऊ द्यावेत. आणि सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर तिच्या आधीचे तीन महिने इंजेक्शन नकोच, कारण शस्त्रक्रियेत जंतू होण्याचा धोका वाढतो.

चौथ्या दिवसापासून मावशींचा गुडघा हलका झाला. त्या कामावर गेल्या. मी दिलेल्या व्यायामाचा कागद भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली चिकटवला, आणि केला मात्र नाही. "दुखत नाय तर व्यायाम कशाला?" सहा आठवडे बरे गेले. सातव्या आठवड्यात दुखणे परत आले आणि मावशी दवाखान्यात हजर. "ताई, अजून एक द्या."

मला राग आला हे कबूल करते. नंतर वाटले, पहाटे पाचला उठून झाडू मारणारी बाई घरी येऊन पुन्हा पाय उचलत बसेल ही अपेक्षा मीच किती सहज केली होती! पण सत्य तेच होते. सुईने जे सहा आठवडे मिळाले ते मांडी बळकट करायला मिळाले होते, आणि ते वाया गेले. अमेरिकेत सैन्यदलाच्या दवाखान्यांत 156 रुग्णांवर याच गोष्टीची चाचणी झाली, तिचा निकाल 2020 साली आला. अर्ध्यांना स्टेरॉइड इंजेक्शने, वर्षात जास्तीत जास्त तीन. अर्ध्यांना व्यायामोपचार. दुखणे आणि अडचण मोजणारा आकडा दोन्ही गटांत सुरुवातीला 108 च्या आसपास होता. वर्षभराने इंजेक्शनवाल्यांचा 56 वर आला, व्यायामवाल्यांचा 37 वर. म्हणजे सुई निरुपयोगी नाही, पण मांडीचा स्नायू तिच्यापेक्षा मोठा डॉक्टर आहे.

व्यायाम काही पहिलवानी नाही. खुर्चीवर बसून एक पाय सरळ समोर उचलायचा, मांडी घट्ट करून दहा अंक मोजायचे, खाली ठेवायचा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. अंथरुणावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती दाबायची. तिसरा सर्वांत उपयोगी. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठायचे आणि सावकाश बसायचे, सुरुवातीला पाच वेळा. खुर्ची नसेल तर कॉटच्या कडेवर. थोडे दुखले तर चालते, दुसऱ्या दिवशीपर्यंत ठणकत राहिले तर कमी करायचे. सहा ते आठ आठवडे नेटाने केल्याशिवाय फरक कळत नाही, आणि नेमके इथेच माणसे सोडून देतात. काठी वापरणार असाल तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. बहुतेक जण उलटी धरतात. वजनाचे म्हणाल तर एक किलो उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, असे 2005 साली मोजून पाहिले आहे. चाळीतला संडास भारतीय बैठकीचा असेल तर मधे भोक असलेली प्लॅस्टिकची किंवा लोखंडी खुर्ची वर ठेवा. शेजारी हसतील, हसू द्या. दुखण्यावर लावायचा डायक्लोफेनॅकचा मलम पोटात घ्यायच्या गोळ्यांपेक्षा निर्धोक. गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्या तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात, मधुमेहींचे लवकर.

मावशींना दुसरे इंजेक्शन मी लगेच मिळू दिले नाही. साडेतीन महिने पूर्ण झाल्यावर, साखर आटोक्यात आणून, रुग्णालयात एकच मिळाले. या वेळी सुनेने जबाबदारी घेतली. संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता ती मोजायची आणि मावशी कॉटवरून उठ-बस करायच्या. मुलगा म्हणतो, आता नातूही मोजायला शिकला.

मावशी निवृत्त झाल्या. खाडे झाले, पण पाचच. गुडघा बरा झाला असे मी म्हणणार नाही. जिना उतरताना त्या अजून एकेक पायरी, आधी दुखरा पाय असे उतरतात. पुढे कधी सांधा बदलावा लागेलही. झोप लागत नाही, घरातल्या घरात चालवत नाही, व्यायाम आणि औषधे करून झाली, अशी वेळ आली तर त्या शस्त्रक्रियेला घाबरण्याचे कारण नाही. ज्याला ती खरोखर हवी त्याला वर्षानुवर्षे इंजेक्शनांवर झुलवत ठेवणे हाही अन्यायच. तिचा खर्च पूर्वी मनमानी असे. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, नेहमीच्या प्रकाराला तेव्हा 54,720 रुपये आणि वर कर. पुढे त्यात फेरफार झाले, पण मर्यादेचे तत्त्व आहे. म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. आपल्या रेशनकार्डावर काय बसते हे त्यांना विचारल्याशिवाय कर्ज काढू नका. कारखान्यात विमा कापला जात असेल तर कामगार विमा रुग्णालयात आधी जा.

राहिला विहाराचा प्रश्न. मावशींसाठी मी भन्तेजींना खुर्च्यांबद्दल विचारले तेव्हा कार्यकारिणीतले एक ज्येष्ठ कुरकुरले, तथागतांच्या मूर्तीपुढे खुर्चीवर कसे बसायचे म्हणून. भन्तेजींनी वाद घातला नाही. त्यांनी त्याच ज्येष्ठांना जमिनीवरून उठून पाण्याचा तांब्या आणायला सांगितला. ते उठले, भिंतीला हात लावून, दोन वेळा थांबून. पुढच्या रविवारी डाव्या भिंतीलगत सहा खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर मावशी बसतात, वंदना हात जोडून बसूनच म्हणतात. तिच्या शेजारच्या खुर्चीवर ते ज्येष्ठ.

(गुडघ्याबद्दल पत्र पाठवताना वय, काम, मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, आणि आतापर्यंत कोणती इंजेक्शने घेतली, हे जरूर लिहा. बाटलीवरचे नाव कागदावर उतरवून पाठवलेत तर अधिक बरे.)